पंधरा वर्षांच्या मोटारसायकलचे पासिंग

खासगी मोटारसायकल नवी घेतली की तिची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते, आणि या पंधरा वर्षांत तिचे ब्रेक, टायर, दिवे किंवा हँडल कोणीही अधिकृतपणे तपासत नाही. प्रवासी रिक्षा किंवा मालवाहू टेम्पो असेल, तर पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी दुचाकीला मात्र निरीक्षकासमोर उभे राहण्याची वेळ पहिल्यांदा पंधराव्या वर्षी येते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी येत राहते. मधल्या काळात आपण पीयूसी काढतो, पण त्या चाचणीत फक्त धूर मोजला जातो. गाडी थांबते की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. २०१० च्या सुरुवातीला घेतलेल्या माझ्या हिरो होंडा स्प्लेंडरची मुदत २०२५ मध्ये संपली आणि या तपासणीतून मी स्वतः गेलो. कागदांची माहिती बहुतेकांना कुठे ना कुठे मिळते. गाडीची तयारी कशी करावी, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो, म्हणून तो भाग मी इथे सविस्तर लिहीत आहे.

मी वाईत राहतो आणि पाचगणीच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे पसरणी घाट हा माझा रोजचा रस्ता आहे. घाट चढताना गाडीचे इंजिन कळते आणि उतरताना ब्रेक कळतात. माझ्या गाडीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय देण्याची सक्ती नव्या मॉडेलांसाठी एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या गाड्यांसाठी एप्रिल २०१९ पासून आली. माझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. उतारावर सतत ब्रेक धरून ठेवला की लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) आणि ड्रम तापतात, तापलेल्या लायनरची पकड कमी होते आणि चालकाला ते कळते ते नेमके वळणाच्या तोंडाशी. म्हणूनच गाडी ज्या गिअरमध्ये चढवावी त्याच गिअरमध्ये उतरवावी, क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून ती सोडू नये, हे घाटातल्या जुन्या चालकांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. अशा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची तपासणी म्हणजे केवळ शिक्का मिळवण्याचे काम असे मला कधीच वाटले नाही.

आधी कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षे वैध असते आणि नूतनीकरण झाले की ते पुढे पाच वर्षे चालते. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा असतो आणि तो मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांपेक्षा लवकर करता येत नाही. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १००० रुपये झाले, त्याआधी ते ३०० रुपये होते. मुदत उलटून गेली तर दर महिन्याला, किंवा महिन्याच्या काही भागालाही, ३०० रुपये जादा भरावे लागतात. याशिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकीला पर्यावरण करही आहे; मी भरला तेव्हा, २०२५ मध्ये, तो पाच वर्षांसाठी २००० रुपये होता. गाडीचा विमा चालू हवा, पीयूसी चालू हवी आणि गाडीवर दंडाचे ई-चलन थकलेले असेल तर ते आधी निकालात काढलेले बरे. कर्ज काढून गाडी घेतली असेल आणि हप्ते फिटूनही आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचे नाव तसेच राहिले असेल, तर ‘एचपी’, म्हणजे गाडीवरचा कर्जाचा बोजा, उतरवण्याचे कामही याच वेळी समोर येते. माझ्या रांगेतल्या एका गृहस्थांची गाडी उत्तम स्थितीत होती, परंतु त्यांची बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि ना हरकत दाखला कोणत्या शाखेकडे मागायचा, याचाच शोध त्यांना घ्यावा लागत होता.

अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर भरला जातो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत तिथे पहिली अडचण मोबाइल क्रमांकाची असते, कारण २०१० मध्ये नोंदणी करताना दिलेला क्रमांक आज वापरात असेलच असे नाही आणि ओटीपी तर त्याच क्रमांकावर जातो. त्यामुळे आधी क्रमांक अद्ययावत करणे आणि मग अर्ज भरणे, असा क्रम ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट उच्च सुरक्षा नंबरप्लेटची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या सर्व वाहनांना महाराष्ट्रात ही प्लेट बंधनकारक झाली आहे आणि दुचाकीच्या दोन्ही प्लेटचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरवून दिलेला आहे. तपासणीला जाण्याआधी मी ती बसवून घेतली. लेझरने कोरलेला क्रमांक आणि पुन्हा न उघडणारे लॉक असलेली ही प्लेट जुन्या गाडीच्या वाकलेल्या पत्र्यावर सपाट बसत नाही, म्हणून मडगार्डची पट्टी आधी ठोकून सरळ करून घ्यावी, एवढे सुचवतो.

आता गाडीकडे येतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचे गॅरेज आहे, त्या मिस्त्रींकडे ही गाडी पहिल्या सर्व्हिसिंगपासून जाते. मुदत संपायला महिनाभर असताना मी त्यांना म्हटले, “दादा, पासिंगला न्यायची आहे, पण पासिंगपुरती नको. घाटात चालवायची आहे असं समजून सगळी बघा.” त्यांनी गाडी डबल स्टँडवर चढवली आणि म्हणाले, “मग गुरुजी, तुम्हीबी इथंच थांबा. मी काय बघतोय ते तुम्हाला कळायला हवं.” ती दुपार मला फार उपयोगाची ठरली.

सुरुवात ब्रेकपासून झाली. ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या झाकणावर एक खूण असते आणि ब्रेकच्या हातावर एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण त्या खुणेपर्यंत पोहोचला, तर आतले लायनर संपले असे समजायचे. यासाठी चाक काढावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. घरी दारात उभी असलेली गाडी कोणालाही अशी तपासता येते. माझ्या पुढच्या चाकाचा बाण खुणेच्या अलीकडे होता, मागच्याचा मात्र जवळजवळ खुणेवर आला होता. मिस्त्रींनी दोन्ही चाके काढली. मागचे लायनर कडेने चकाकत होते. ती चमक म्हणजे लायनर पुन्हा पुन्हा तापून कडक झाल्याची खूण असते, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी माझे बोट ड्रमच्या आतल्या कडेवर फिरवले. जिथे लायनर घासत नाही तिथे मूळचा धातू तसाच राहतो आणि जिथे घासतो तिथला झिजतो, त्यामुळे कडेला नखाला अडेल असा एक ओठ तयार झालेला असतो. माझ्या ड्रमचा हा ओठ नखाला जेमतेम लागत होता. तो स्पष्ट अडला असता, तर नवे लायनर घालूनही ब्रेक नीट धरला नसता आणि ड्रमसकट चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, बदलावा लागला असता. आम्ही दोन्हीकडचे लायनर बदलले. पुढच्या ब्रेकच्या केबलची एक तार लिव्हरजवळ तुटून वर आली होती, म्हणून केबलही नवी घातली.

त्यानंतर टायर. मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी असे सांगितले आहे. मागचा टायर हा निकष आरामात पूर्ण करत होता. टायरच्या बाजूवर, पत्त्याच्या पेटीसारख्या एका लहान चौकोनात, चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर ०६१७ असे आकडे होते, म्हणजे तो २०१७ च्या सहाव्या आठवड्यात तयार झाला होता. मिस्त्रींनी टायरमधली थोडी हवा सोडून त्याची बाजू अंगठ्याने दाबली, तेव्हा रबरात केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी दिसू लागली. हवा पूर्ण भरलेली असताना त्या भेगा दिसत नव्हत्या. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला आहे, असे जे सर्रास मानले जाते, ते किती अपुरे आहे हे मला तिथे कळले. रबर वापराने झिजते तसे उन्हाने आणि वयानेही कडक होते, आणि कडक झालेले रबर ओल्या डांबरावर पकड सोडते. नवा टायर घेताना मी तेच चार आकडे आधी वाचले. दुकानदाराने पहिल्यांदा काढून दिलेला टायर चार वर्षांपूर्वीचा होता. तो मी परत केला आणि त्याच वर्षाचा मागितला, तेव्हा आतून दुसरा निघाला. दोन्ही टायर बदलले, सोबत ट्यूबही.

हँडलची तपासणी मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. गाडी डबल स्टँडवर उभी करून एकाने मागे वजन दिले की पुढचे चाक हवेत येते. मग हँडल फक्त दोन बोटांनी सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायचे. ते सलग फिरले पाहिजे. माझे हँडल मधोमध येताच किंचित अडत होते आणि तिथून पुढे निसटत होते. वर्षानुवर्षे गाडी सरळ चालल्यामुळे आतले छर्रे कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेरिंगच्या, वाट्यांमध्ये एकाच जागी दाबले जातात आणि तिथे खळगे पडतात. अशी गाडी सरळ रस्त्यावर हलकेच एका बाजूला ओढते, चालक नकळत तिला दुरुस्त करत राहतो आणि वळणावर हँडल हवे तेवढेच वळत नाही. पुढच्या शॉकअपचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवल्यावर मधूनच कट्ट असा आवाज येत होता, तोही तिथलाच. कोनसेट ही काही महागडी वस्तू नव्हे. ती बदलल्यावर घाटातल्या दुसऱ्याच वळणाला मला फरक जाणवला.

मागच्या बाजूला चिमट्याचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या सांगाड्याचे, बुश तपासण्यासाठी चाक आडवे हलवून पाहतात. तिथे काही निघाले नाही. चाकाच्या बेरिंगमध्येही खेळ नव्हता. स्पोक मात्र सैल झाले होते. मिस्त्रींनी पान्याच्या टोकाने एकेका स्पोकवर टिचकी मारली. ताणलेला स्पोक स्वच्छ वाजतो आणि सैल असेल तर त्याचा आवाज दबका येतो. ते कसून चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डगमगणे, काढला. चेनला मधोमध वरखाली दोन ते तीन सेंटिमीटर खेळ असावा. माझी चेन एका जागी ढिली आणि चाक फिरवल्यावर दुसऱ्या जागी ताठ होत होती, म्हणजे ती असमान ताणली गेली होती. चेन ज्यावर फिरते त्या स्प्रॉकेटचे दातही एका बाजूला वाकल्यासारखे झिजले होते. चेनसेट बदलला.

दिव्यांची तपासणी आम्ही संध्याकाळी घरासमोर केली. मुलगी गाडीच्या मागे उभी राहिली आणि मी एकेक दिवा लावून पाहू लागलो. ती म्हणाली, “बाबा, पायाचा ब्रेक दाबल्यावर लाल दिवा लागतो, पण हाताचा दाबला की लागतच नाही.” लिव्हरखालचा छोटा स्विच गंजून बंद पडला होता. चालकाला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही, आणि पुढचा ब्रेक हाच मुख्य ब्रेक असल्याने घाटात मी वेग कमी करताना मागच्या वाहनाला तो इशारा मिळत नव्हता. स्विचची किंमत एका वडापावच्या प्लेटपेक्षा फारशी जास्त नव्हती. यापुढे मुलीला मागे उभे करून दर महिन्याला हे पाहायचे, असे आम्ही ठरवले आणि ते पाळतो आहोत.

चासी नंबरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाचे, काम वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यावर पुष्कळ जणांचे काम अडते. हा क्रमांक माझ्या गाडीत हँडलच्या खाली, फ्रेमच्या पुढच्या नळीवर ठोकलेला आहे. पंधरा पावसाळ्यांनंतर तिथे गंज, धूळ आणि ग्रीस यांचा थर बसतो. निरीक्षकाला तो क्रमांक आरसीशी ताडून पाहायचा असतो आणि अर्जासोबत त्याची पेन्सिलने घेतलेली छापही लागते. तो साफ करण्यासाठी पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर मुळीच लावू नये, कारण अक्षरांच्या कडा पुसट झाल्या तर क्रमांकाशी छेडछाड केल्याचा संशय येऊ शकतो आणि तो दूर करणे फार त्रासाचे आहे. मिस्त्रींनी रॉकेलमध्ये भिजवलेले फडके त्या जागेवर गुंडाळून तासभर ठेवले आणि नंतर जुन्या दातांच्या ब्रशने हलक्या हाताने घासले, तेव्हा एकेक अक्षर वर आले. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की छाप उमटते. ती दोन-तीन प्रतींत घेऊन ठेवावी.

पीयूसीसाठी मात्र विशेष काही करावे लागले नाही. माझ्या गाडीसारख्या, २००० नंतरच्या पण जुन्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. एअर फिल्टर बदलून आणि कार्बोरेटर साफ करून मिस्त्रींनी मिश्रणाचा स्क्रू बसवला आणि गाडी मर्यादेच्या बरीच आत आली. अशा जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिने चालते, बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांची वर्षभर.

ठरलेल्या दिवशी मी सकाळीच परिवहन कार्यालयात पोहोचलो. दुचाकींची रांग एका बाजूला होती आणि त्या रांगेत उभे राहून इतरांच्या गाड्या पाहणे हाही एक शिकण्याचा भाग ठरला. पुढे एका शेतकरी आजोबांची जुनी मोपेड होती. तिला आरसा नव्हता आणि मागे दुधाच्या कॅनसाठी लोखंडी सांगाडा जोडलेला होता. एका तरुणाने कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवला होता. कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, हे त्याला तिथे सांगण्यात आले आणि मूळ सायलेन्सर बसवून पुन्हा येण्यास सांगितले. त्याच्यामागच्या बाईंच्या गाडीला साडी गार्डच नव्हता. हा भाग शोभेचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावेच लागते, म्हणजे कपडा चाकात अडकणार नाही. आपल्याकडे साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गुंतून बायका-मुली रस्त्यावर आपटल्याच्या घटना प्रत्येक गावाने पाहिलेल्या आहेत. तरीही डेंट पडला, धुताना अडचण होते किंवा नुसता चांगला दिसत नाही म्हणून तो गार्ड काढून टाकणारे कमी नाहीत. नियमाच्या पुस्तकातली एखादी ओळ माणसाच्या शरीराला इतकी जवळून राखत असेल, हे मला नियम वाचताना नव्हे, त्या रांगेत उभे राहिल्यावर पटले.

माझा क्रमांक आल्यावर मोटार वाहन निरीक्षकांनी आधी चासी आणि इंजिनचे क्रमांक आरसीशी जुळवले. मग हेडलाइटचे वरचे-खालचे झोत, चारही इंडिकेटर, हॉर्न, मागचा दिवा आणि आरसे पाहिले. मी हाताचा आणि पायाचा असे दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून लाल दिवा दाखवला. टायरवर त्यांनी एक नजर टाकली, नंबरप्लेट पाहिली, गाडीचे फोटो घेतले आणि थोडे पुढे नेऊन ब्रेक लावून दाखवायला सांगितले. एवढ्यात तपासणी पूर्ण झाली. निरीक्षक सौजन्याने बोलले आणि त्यांनी जे पाहायचे ते पाहिले, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु चकाकलेले लायनर, टायरच्या बाजूच्या भेगा, कोनसेटमधला खळगा आणि केबलची तुटलेली तार या चार गोष्टी त्या वेळात आणि त्या जागी, उभ्या गाडीत, कोणालाही दिसणे अवघड होते. गाडी मी दुरुस्तीशिवाय आणली असती तरी ती बहुधा पास झाली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो आणि त्याच्याकडेही मोटारसायकल आहे. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की तिला दरवर्षी एमओटी नावाची चाचणी द्यावी लागते; ही चाचणी १९६० पासून चालू आहे. ही चाचणी सरकारी कार्यालयात नव्हे, तर परवाना मिळालेल्या गॅरेजमध्ये होते आणि मोटारसायकलसाठी जास्तीत जास्त किती पैसे घ्यायचे हे सरकारने ठरवून दिलेले आहे. त्याने मला आपल्या गाडीचा अहवाल पाठवला, तेव्हा त्यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. दोषांची प्रतवारी तिथे धोकादायक, मोठा आणि किरकोळ अशी केलेली असते आणि त्याखाली, आज चालेल पण लवकरच लक्ष द्या, अशा सूचनाही लिहिलेल्या असतात. त्याच्या अहवालात पुढचा टायर मर्यादेच्या जवळ आला आहे, एवढीच सूचना होती. गाडी पास झाली होती, पण मालकाला काय करायचे ते कळले होते. शिवाय गाडीचा क्रमांक टाकला की तिच्या मागच्या चाचण्यांचा इतिहास कोणालाही पाहता येतो, त्यामुळे जुनी गाडी विकत घेणाऱ्याची फसवणूक अवघड होते. जर्मनीत हीच तपासणी दर दोन वर्षांनी असते. जपानमध्ये २५० सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला पहिल्या तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी ती द्यावी लागते.

आपल्याकडे दरवर्षी सक्ती करावी, असे मी म्हणणार नाही. गावोगावच्या मजुराची, दूधवाल्याची, ऊसतोड कामगाराची सगळी मिळकत ज्या गाडीवर फिरते, तिला दरवर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी नेणे म्हणजे त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडवणे. पण पंधरा वर्षे हा काळ फारच मोठा आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती. हे सगळे मृत्यू नादुरुस्त गाड्यांमुळे झाले असे कोणी म्हणू नये. वेग, रस्ते, हेल्मेटचा अभाव ही कारणे मोठी आहेत. तरीही ज्या वाहनावर सर्वाधिक माणसांचा जीव जातो, त्याच वाहनाच्या ब्रेककडे इतकी वर्षे कोणी पाहत नाही, ही व्यवस्था मला योग्य वाटत नाही. पाचव्या आणि दहाव्या वर्षी, तालुक्याच्या ठिकाणी, प्रशिक्षण घेतलेल्या गॅरेजमध्ये चाके काढून तपासणी व्हावी आणि दोषांची यादी लेखी मिळावी, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. आमच्या मिस्त्रींनी जे एका दुपारी केले, ते करू शकणारे कसबी हात प्रत्येक तालुक्यात आहेत.

खर्चाचे विचारणारे पुष्कळ भेटले, म्हणून सांगतो. दोन्ही टायर, ट्यूब, चेनसेट, लायनर, कोनसेट, केबल आणि मजुरी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले, आणि सरकारी शुल्क व कर त्याहून वेगळे. एवढ्या जुन्या गाडीवर इतके पैसे कशाला घालायचे, असा सल्लाही मिळाला. त्या गाडीच्या बाजारभावाशी हिशेब केला तर तो सल्ला चुकीचा नाही. मी तो हिशेब केला नाही, कारण टायर आणि लायनर नूतनीकरण असो वा नसो, बदलायलाच हवे होते.

नवे आरसी कार्ड टपालाने घरी आले. त्यावरची मुदत २०३० पर्यंत आहे. तेव्हा गाडी वीस वर्षांची झालेली असेल आणि ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या बदलानुसार वीस वर्षांवरील दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क २००० रुपये आहे, हे मी नोंदवून ठेवले आहे. मिस्त्रींशी मात्र वेगळा करार झाला आहे: दर मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, दोन्ही चाके काढून लायनर पाहायचे, हँडल दोन बोटांनी फिरवायचे आणि टायरच्या बाजू दाबून बघायच्या. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांच्या गाड्यांची मुदत पुढच्या वर्षी संपते. त्यांना मी टायरवरचे चार आकडे वाचायला सांगितले. एका शिक्षिकेच्या गाडीच्या मागच्या टायरवर ३८१५ निघाले. त्यांनी मुदतीची वाट न पाहता तो त्याच आठवड्यात बदलला.